नैतिक समजुतींचा उगम कळला, तर त्यांचा आधार सुटतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती, यवतमाळ, वर्धा या भागांतील ग्रामीण महाविद्यालयांत तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी, आणि कधीकधी त्यांच्या घरची वडीलधारी माणसेही, एक शंका पुनःपुन्हा काढतात. चांगले काय आणि वाईट काय हे आपल्याला घराने, जातीने, गावाने शिकवले असेल, किंवा माकडाचा माणूस होताना निसर्गानेच आपल्यात ते रुजवले असेल, तर ते खरे आहे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार काय? या शंकेची वेगवेगळी रूपे आणि त्यांना शक्य तितकी नेमकी उत्तरे येथे दिली आहेत.

मुळात प्रश्न काय आहे?

एखादी नैतिक समजूत आपल्या मनात कशी आली, हा एक प्रश्न आहे; ती बरोबर मानण्यास आपल्याजवळ आधार काय, हा दुसरा. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळावे, शेजाऱ्याचा धुरा (शेताचा बांध) कोरू नये, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवू नये आणि अमुक घरचे पाणी पिऊ नये, या चारही गोष्टी गावातले मूल पूर्वी साधारण एकाच वयात आणि एकाच रीतीने शिकत असे, म्हणजे मोठ्यांचे पाहून, आणि चुकले तर मार खाऊन. आज पहिल्या तीन आपण जपतो आणि चौथीची आपल्याला लाज वाटते. हा फरक उगमातून आलेला नाही, कारण चौघींचा उगम सारखाच आहे. चौथी ‘केवळ संस्कार’ म्हणून बाद होत असेल, तर त्याच न्यायाने उरलेल्या तिन्ही का बाद होऊ नयेत, हा खरा पेच आहे.

उगमावरून विचाराचा निकाल लावणे हा तर्कदोषच नव्हे का?

बऱ्याच अंशी होय. मॉरिस कोहेन आणि अर्नेस्ट नेगेल यांच्या १९३४ सालच्या तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापासून या चुकीला स्वतंत्र नाव आहे. मराठीत आपण तिला उगमदोष म्हणू. रामानुजन यांना आपली सूत्रे नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात असे वाटे. गणितज्ञांनी ती देवीच्या नावावर स्वीकारली नाहीत आणि देवीच्या नावामुळे फेकूनही दिली नाहीत. त्यांची सिद्धता देता येते का, एवढेच पाहिले.

मात्र ‘हा उगमदोष आहे’ एवढे म्हणून जे थांबतात ते घाई करतात, असे मला वाटते. गणितात सूत्र सुचण्याची वाट वेगळी आणि सिद्धतेची वाट वेगळी असते. नैतिक धारणांच्या बाबतीत पुष्कळदा ‘मला तसे मनापासून वाटते’ याहून निराळा आधारच पुढे केला जात नाही. जेथे ते वाटणे हाच एकमेव आधार आहे, तेथे ते कोठून आले ही चौकशी अवांतर राहत नाही. ती आधाराचीच चौकशी होते.

मग उगमातील कोणती गोष्ट खरोखर बाधक ठरते?

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे, कुमारिल भट्ट म्हणत की ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि ते दोनच मार्गांनी ढळते. एक तर त्याला खोडून काढणारे बाधक ज्ञान मागाहून मिळते, किंवा ते ज्या कारणांतून उपजले त्या कारणांतच दोष सापडतो. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. डोळ्यांत दोष आहे हे कळताच ‘शंख पिवळा आहे’ या ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, जाते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे मान्य नव्हते, त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावे लागते. पण त्या वादात येथे शिरण्याची गरज नाही. आपल्या कामाची गोष्ट अशी की कारण असणे वेगळे आणि कारणात दोष असणे वेगळे. प्रत्येक समजुतीला काही ना काही कारण असते, खऱ्याही आणि खोट्याही. म्हणून ‘तुझ्या समजुतीला कारण आहे’ असे सांगून कोणाचीच समजूत खोडली जात नाही.

दोष आहे असे केव्हा म्हणावे? माझ्या मते यावर आजवर दिलेले सर्वांत कामाचे उत्तर असे: ती गोष्ट बरोबर असती किंवा नसती, तरी त्या कारणांनी तीच समजूत आपल्या मनात उत्पन्न केली असती, असे दिसले तर कारणात दोष आहे. डोळे पिवळे असतील तर शंख कोणत्याही रंगाचा असो, तो पिवळाच दिसणार.

जाता जाता एक नोंद करायला हवी. मीमांसकांनी हेच हत्यार वेदांच्या रक्षणासाठी वापरले. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोष त्यांना लागत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. उगमच नाकारून उगमाची चौकशी टाळण्याचे इतके धीट उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

“तू दुसऱ्या घरात जन्मला असतास, तर उलटे मानले असतेस.” यावर काय म्हणावे?

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली लिहिले की ज्या कारणांनी माणूस लंडनमध्ये चर्चचा अनुयायी होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये बौद्ध किंवा कन्फ्यूशसपंथी झाला असता. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन (वर आलेले मॉरिस कोहेन वेगळे) यांनी हीच सुई स्वतःला टोचून घेतली. एका तात्त्विक वादात ऑक्सफर्डला शिकलेले बहुधा एका बाजूला आणि हार्वर्डला शिकलेले दुसऱ्या बाजूला असतात, आणि आपणही त्यांतलेच आहोत, हे त्यांनी उघडपणे मांडले.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबांत मामाच्या मुलीशी लग्न ही रीतसर सोयरीक आहे; त्याच गावात दोन पिढ्यांपूर्वी उत्तरेतून येऊन स्थायिक झालेल्या हिंदीभाषक शेजाऱ्याला ती भावाबहिणीच्या लग्नासारखी अंगावर काटा आणणारी वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही येथे एकच एक उत्तर दिलेले नाही. असा संबंध सपिंड नात्याच्या मर्यादेत येतो म्हणून तो निषिद्ध आहे. परंतु दोन्ही पक्षांची रूढी अनुमती देत असेल तर तो चालतो.

एकाला हा संबंध साधा वाटतो आणि दुसऱ्याला किळसवाणा, आणि दोघांच्याही भावना पूर्णपणे प्रामाणिक आहेत. यावरून नैतिकतेत बरोबर-चूक असे काही नसतेच असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आपण दुसऱ्या काळात जन्मलो असतो तर पृथ्वी सपाट आहे असे मानले असते, म्हणून ती गोल असण्याला बाधा येत नाही. पृथ्वीच्या बाबतीत मात्र आजच्या माणसाकडे पूर्वीच्या माणसाजवळ नसलेले पुरावे आहेत. मामेबहिणीच्या लग्नाबाबत दोन शेजाऱ्यांपैकी एकाकडे जास्तीचा पुरावा कोणता आहे? अपत्याच्या प्रकृतीचा मुद्दा कोणी मांडला तर तो पुरावा होईल आणि त्यावर बोलता येईल; पण किळस तो मुद्दा कळण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे बसलेली असते. अशा ठिकाणी जन्माचा योगायोग समजूत खोटी ठरवीत नाही, तिच्याविषयीची खात्री मात्र कमी करायला लावतो. मला हे उत्तर पुरेसे वाटते. पुष्कळांना ते मिळमिळीत वाटते.

उत्क्रांतीचा आक्षेप नेमका काय आहे?

हा आक्षेप सर्वांत व्यापक आहे, कारण तो एखाद्या घराला किंवा जातीला लागू होऊन थांबत नाही. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात डार्विन यांनी लिहिले की माणसे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या परिस्थितीत वाढली असती, तर अविवाहित स्त्रियांना, कामकरी माश्यांप्रमाणे, आपल्या भावांना मारणे हे पवित्र कर्तव्य वाटले असते; आयांनी आपल्या प्रसवक्षम मुलींना मारायला पाहिले असते, आणि कोणी मध्ये पडले नसते. पुढे १९६४ साली जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी रक्ताच्या नातलगांसाठी झीज सोसण्याची वृत्ती नैसर्गिक निवडीतून कशी टिकते हे गणिताने दाखवले, आणि १९७१ साली ट्रिव्हर्स यांनी नाते नसलेल्यांतही परतफेडीच्या भरवशावर मदत कशी रुजते हे मांडले. पेरणीच्या दिवसांत बैलजोडी शेजाऱ्याला देणारा आणि पुढच्या वेळी ती न मिळाल्यास वर्षभर अबोला धरणारा शेतकरी हे विवेचन न वाचताच समजतो.

या आधारावर तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी २००६ साली एक दुहेरी पेच टाकला. आपल्या वाटण्या-न-वाटण्याच्या पलीकडे स्वतंत्र अशी नैतिक सत्ये आहेत असे क्षणभर धरू. आता, आपल्या मूल्यभावनांना आकार देणाऱ्या उत्क्रांतीचा त्या सत्यांशी संबंध नसेल, तर आपल्या भावना सत्याशी जुळणे हा निव्वळ योगायोग ठरेल. आणि संबंध आहे, पूर्वजांना ती सत्ये दिसली म्हणूनच ते तगले, असे म्हणावे, तर ते विज्ञान म्हणून दुबळे आहे. मुलांवर माया करणाऱ्यांची मुले जगली, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे आणि त्यात ‘माया करणे योग्य आहे’ हे सत्य कोठेच लागत नाही. तत्त्वज्ञ रिचर्ड जॉइस यांनी त्याच वर्षी औषधासारख्या गोळीचा दृष्टान्त दिला: नेपोलियनविषयीची आपली एखादी समजूत कोणी नकळत खाऊ घातलेल्या गोळीमुळे झाली आहे असे कळले, तर ती खोटी ठरत नाही, पण निराळा पुरावा मिळेपर्यंत ती धरून ठेवण्यात अर्थ नसतो.

एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट आहे. स्ट्रीट यांचा निष्कर्ष ‘नीती फोल आहे’ असा नाही. मूल्ये मूल्य देणाऱ्यांपासून स्वतंत्र असतात ही कल्पना सोडा, म्हणजे पेच सुटतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

या आक्षेपाला उत्तर आहे का?

उत्तरे आहेत, निर्णायक म्हणावे असे एकही नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड एनॉक म्हणतात की जगणे, टिकणे हे काही अंशी तरी चांगले आहे, आणि उत्क्रांतीने आपल्याला टिकण्याकडेच वळवले. म्हणून तिने नकळत आपल्याला चांगल्याच्या जवळपास आणून ठेवले. युक्ती चतुर आहे, पण ‘टिकणे चांगले’ हे वाक्य कोठून आणले? ज्या मनाच्या विश्वसनीयतेवर संशय आहे, त्याच मनाने ते दिलेले आहे.

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, काही दिवसांनी कोंब मोजतो, आणि सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणे पेरायला घेतो. बियाणे कोणत्या वावरातले आणि कोणत्या पोत्यातले, हा संशय गोणपाट मिटवते, कारण गोणपाटाला त्या पोत्याशी काही देणेघेणे नसते. नैतिक धारणांची अडचण अशी की येथे तपासणीचे गोणपाटही त्याच पोत्यातून काढावे लागते. एक धारणा दुसऱ्या धारणेवर घासूनच पाहावी लागते, आणि दोघींची जात एकच.

पण ही अडचण आक्षेप घेणाऱ्यालाही तेवढीच बांधते, ही गोष्ट तत्त्वज्ञ कात्या वावोवा यांनी २०१४ साली स्पष्टपणे दाखवली. सगळ्या नैतिक धारणा एकदम बाजूला ठेवल्या, तर खरी नीती कशी असते याविषयी आपल्याजवळ काहीच उरत नाही. मग उत्क्रांतीने आपल्याला तिच्यापासून दूर नेले असे तरी कशावरून म्हणायचे? आणि काही धारणा हाती ठेवल्या, उदाहरणार्थ वेदना वाईट आणि लेकराला जपणे चांगले, तर उत्क्रांतीने आपल्याला त्यांच्याकडेच ढकलले असे दिसते. म्हणजे सर्व नीतीवर एकदम चालवलेला हा आक्षेप चालवणाऱ्याच्या हातातही टिकत नाही. एकेका धारणेवर, बाकीच्या स्थिर धरून, चालवलेला मात्र टिकतो. पुढचा सगळा विचार या भेदावर उभा आहे.

गावातल्या कोणत्या समजुती या परीक्षेत पडतात?

याचा उत्तम नमुना विदेशी तत्त्वज्ञांच्या नव्वद वर्षे आधीचा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेब आंबेडकर यांनी असे मांडले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे. ही कुंपणबंदी टिकवायची तर नवरा मेलेली स्त्री आणि बायको मेलेला पुरुष ही जास्तीची माणसे अडचणीची होतात, कारण ती कुंपणाबाहेर लग्न करतील किंवा आतला वधूवरांचा मेळ बिघडवतील. सती, सक्तीचे वैधव्य आणि विधुरासाठी लहान मुलगी हे त्या अडचणीवरचे तोडगे होते. त्यांनी पुढे जे म्हटले ते आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. या चालींचा गौरव होत होता म्हणून त्या पाळल्या गेल्या असे नाही. त्या पाळल्या जात होत्या म्हणून त्यांचा गौरव झाला. तत्त्वज्ञान मागाहून आले आणि त्याने नैतिक टेकू दिला.

आता आपली कसोटी लावा. विधवेने व्रतस्थ राहण्यात खरोखर काही पुण्य असते किंवा नसते, तरी कुंपण राखण्याच्या गरजेतून तिच्या व्रताचे गोडवे गायले गेलेच असते. म्हणून ते गोडवे पुरावा म्हणून निरुपयोगी होतात. विदर्भातील अनेक शेतकरी जातींत विधवेच्या पाटाची (पुनर्विवाहाची) चाल होती, आणि घराण्याची प्रतिष्ठा वाढू लागली की ती सोडली जाई. वरच्यांच्या अनुकरणातून चाली खाली पसरतात, या याच निबंधातील मुद्द्याला हे धरून आहे. वरच्यांची नक्कल म्हणून सोडलेल्या चालीला पुढे ‘आमच्यात असे शोभत नाही’ असा नैतिक साज चढला.

उगमाच्या या कथेने विधवाविवाहाविरुद्धचा आधार काढून घेतला, पण विधवेवर अन्याय होतो हे काही तिने सिद्ध केले नाही. ते त्या बाईच्या वाट्याला काय येते हे पाहून आणि त्याचे मोल करून ठरते. म्हणूनच १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाचे भाषण लिहिताना बाबासाहेब इतिहासावर थांबले नाहीत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हा आदर्श त्यांनी वेगळा मांडला.

पण समतेच्या विचारालाही उगम आहेच ना?

आहे, आणि हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी पिढीजात समजुती जाणीवपूर्वक सोडल्या. त्यांच्या नातवंडांना मात्र समता घरातूनच मिळाली, जशी इतरांना इतर मूल्ये मिळाली. नातवंडाने स्वतः काही सोडलेले नाही. मग त्याची समता हाही नुसता संस्कारच झाला का?

ज्या वाटेने ती त्याच्याकडे आली ती वाट संस्काराचीच आहे, हे मान्य करावे. फरक अन्यत्र आहे. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी सुचवलेली एक कसोटी येथे लागू पडते: एखादी व्यवस्था योग्य आहे ही मान्यता जर त्याच व्यवस्थेच्या सत्तेने लोकांच्या मनात निर्माण केली असेल, तर त्या मान्यतेला समर्थन म्हणून किंमत नाही. विटाळाच्या समजुतीला हे तंतोतंत लागू होते. जिच्यावर विटाळ लादला तिनेही तो मान्य करावा, ही तजवीज विटाळाच्याच व्यवस्थेत होती. समतेचा इतिहास मात्र ज्याच्यावर तिचा भार पडतो त्याला सांगितला, तरी समता मानण्याचे कारण उरते. यावर वरच्या जातीचा एखादा माणूस म्हणेल की भार माझ्यावर पडतो आणि मला समता पटत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. पण त्याला ‘तुझा अधिकार गेला’ याखेरीज दुसरे कारण देता येते का, हेही त्याला विचारायला हवे.

१९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे आग्रहाने सांगितले. उगमाला महत्त्व नसेल तर हा आग्रह कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे तो समर्थनासाठी नाही. एखादे मूल्य कोणत्या मुळातून आले यावर त्याचा आशय अवलंबून असतो. राज्यशास्त्रातली समता कायद्यापाशी थांबते, धम्मातली समता बंधुतेवाचून पुरी होत नाही.

संतांनी सांगितले आहे, एवढे कारण पुरेसे नाही का?

हाही उगमदोषच आहे, फक्त उलट्या दिशेचा. वाईट उगमाने विचार आपोआप खोटा ठरत नाही, तसा थोर उगमाने तो आपोआप खरा ठरत नाही. कालाम नावाच्या लोकांना केलेल्या उपदेशात बुद्धांनी परंपरा, ऐकीव गोष्टी, ग्रंथ आणि गुरूविषयीचा आदर यांपैकी काहीच पुरेसे मानू नका असे सांगितले. नुसता तर्कही त्यांनी त्याच यादीत घातला, हे आपण सोयीने विसरतो. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि देवापुढे बकरे कापण्याची, कर्ज काढून सण करण्याची चूक त्यांच्याच तोंडून वदवून घेत. ज्यांची पारख वारंवार खरी ठरली आहे त्यांच्या शब्दाला वजन देणे शहाणपणाचे असते, पण ते वजन पारखीचे असते.

मेंदूच्या अभ्यासाने हा प्रश्न सुटला आहे का?

नाही. जॉशुआ ग्रीन यांचे २००१ सालचे मेंदूच्या प्रतिमांवरील प्रयोग आणि मानसशास्त्रज्ञ जॉनथन हाइट यांचे त्याच वर्षीचे विवेचन, दोहोंनी आपले नैतिक निवाडे बरेचदा भावनेतून झटकन होतात हे दाखवले. निवाडा भावनेतून आला म्हणून तो अविश्वसनीय, हे मात्र कोणतेही यंत्र दाखवू शकत नाही. अन्याय पाहून येणारा संताप कधीकधी सगळ्यांत आधी खरे ओळखतो.

ज्या कारणासाठी एखादे कर्तव्य निर्माण झाले ते कारण संपले, तर कर्तव्यही संपते का?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना त्याला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणतात. या जिव्हाळ्याचा उगम सांगायला अवघड नाही: बैल मेला तर पेरणी बुडत होती. आता वखरणी-पेरणी ट्रॅक्टरने होते, पुष्कळ घरी पोळ्याला पूजा मातीच्या बैलाची होते, आणि काही तरुण रोखठोकपणे विचारतात की उपयोगातून जन्मलेली दया उपयोग संपल्यावर का चालवायची.

उपयोग हे त्या दयेचे कारण होते, म्हणून तोच तिचा आधारही होता असे ठरत नाही. आसूड बसला की बैलाला वेदना होते, ती नांगर ओढण्याच्या दिवसांत होत होती तशीच आजही होते, आणि तिला टाळण्याचे कारण तिच्यातच आहे. गरजेमुळे आपल्या पूर्वजांना बैलाकडे बारकाईने पाहावे लागले, आणि त्या पाहण्यात त्यांना जे दिसले ते गरजेपेक्षा मोठे होते. उगम येथे दोष ठरत नाही, उलट तो नजर देणारा ठरतो. याउलट ‘अमावास्येच्या त्या एका दिवशी जू ठेवले तर घरावर संकट येते’ ही समजूत जर कोणी अजून धरून असेल, तर तिच्यामागे बैलाचे दुःख नाही आणि दुसराही आधार दिसत नाही. एकाच सणात, एकाच उगमाच्या दोन समजुती शेजारी शेजारी असतात, आणि त्यांचा निवाडा वेगवेगळा लागतो.